सड्याच्या चित्राचे पोपडे

मुंबईत माझ्या बायकोचं जे शेवटचं प्रदर्शन झालं, त्याच्या उद्घाटनाला एका ज्येष्ठ समीक्षकांनी तिच्या चित्रांच्या कडांबद्दल भाषण केलं. ते म्हणाले, अलीकडच्या चित्रांत बाईंनी दोन्ही बाजूंची जागा कोरी सोडायला सुरुवात केली आहे, आणि त्यामुळे मधलं दृश्य एखाद्या आठवणीसारखं तरंगत राहतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पुढच्या रांगेत बसली होती, तिनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने रत्नागिरीला परत निघालो. खेड मागे पडल्यावर तिने विचारलं, "ते काल कुठल्या कडांबद्दल बोलत होते रे?"

"तुझ्या चित्रांच्या. हल्ली तू कडेला कोरं ठेवतेस ना, त्याबद्दल."

"मी कुठे कोरं ठेवते?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी मोबाइलवर प्रदर्शनातले फोटो उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने फोन डोळ्यांसमोर धरला. एक फोटो बघितला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. नंतर फोन माझ्याकडे देत म्हणाली, "मी तर टोकापर्यंत रंगवलं होतं."

त्या आठवड्यात आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता, आणि बराच पुढे गेलेला. डॉक्टर शांतपणे समजावत होते. या आजारात दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडून जात राहते आणि गेलेली जागा मेंदू स्वतःच भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब नियमित घातले तर आहे ते काही काळ टिकेल.

"म्हणजे त्या कडा मी मनातच रंगवल्या," ती म्हणाली.

डॉक्टर थोडे गडबडले. "तसंच काहीसं म्हणा."

आम्ही दोघं मुंबईत एकाच कला महाविद्यालयात शिकलो. ती पूर्णगडची. तिचे वडील बोटीवर खलाशी होते, वर्षातले निम्म्याहून जास्त महिने समुद्रावर. मी घाटावरचा, कोरड्या हवेतला. ती चित्रं काढत राहिली आणि मी त्याच महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवायला लागलो. इतिहास म्हणजे स्लाइडी. अंधाऱ्या वर्गात पांढऱ्या पडद्यावर एकामागून एक चित्र. हातात मावेल एवढं लघुचित्र आणि आख्खी भिंत व्यापणारं चित्र, दोन्ही पडद्यावर सारख्याच आकाराची. मी रचना सांगायचो, प्रतीकं सांगायचो, काळ सांगायचो. त्यातली बहुतेक मूळ चित्रं मी स्वतः कधीच पाहिली नव्हती. त्याची खंतही कधी वाटली नव्हती. चित्र म्हणजे दिसतं ते, आणि दिसणं तर सगळं पडद्यावर होतंच.

तिचं काम याच्या अगदी उलट्या टोकाला सुरू व्हायचं. आधी मांजरपाटाचं कापड पाण्यातून काढायचं, लाकडी चौकटीवर ताणायचं, सरस उकळून त्याचा हात द्यायचा, वर झिंकचा पांढरा. माझी नोकरी संपवून आम्ही रत्नागिरीला राहायला आलो तेव्हापासून ती चिरेखाणीतून जांभ्या दगडाची लाल भुकटी आणायची, ती वस्त्रगाळ करायची आणि तेलरंगात कालवायची. त्यामुळे तिचे सडे, म्हणजे आपल्याकडची ती उघडी कातळाची पठारं, चित्रात नुसती दिसायची नाहीत. त्यांच्यावर हात खरखरायचा. भाट्याच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या वाटेवर आमचं साधं स्लॅबचं घर आहे. त्याची मागची खोली तिच्या चित्रांची.

त्या खोलीतलं सगळ्यात मोठं चित्र सड्याचं होतं. खालचा जवळजवळ सगळा भाग कातळ, काळपट लाल, वर समुद्राची अरुंद पट्टी. माणूस नाही, झाड नाही. कातळाचा रंग काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढा जाड. ते तिचं सर्वांत चांगलं काम, असं मी मानत होतो, आणि मला वाटतं, तीही मानत होती.

आजार कळल्यावर ती आणखी काही वर्षं रंगवत होती. रंगाच्या नळ्या ठरलेल्या क्रमाने ठेवायची, कॅनव्हासच्या कडेला दोरा ताणून बांधायची, म्हणजे बोटाला कळावं की इथे संपतं. कॅनव्हास लहान होत गेले. उजव्या डोळ्यात मधोमध थोडी जागा शिल्लक होती, तेवढ्यातून ती बघायची. मग एका सकाळी तिने लालऐवजी हिरवा लावला. मी मागे उभा होतो. मी काही बोललो नाही, पण माझ्या न बोलण्यातूनच तिला कळलं असावं. तिने कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला, नीट धुतला, पुसला, आणि त्यानंतर तिने रंगाला हात लावला नाही.

चित्रं मात्र तिला हवी असत. दुपारी ती मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि मला एकेक चित्र काढून मांडीवर द्यायला सांगायची. सुरुवातीला मी वर्णन करायचो. वर्गात करायचो तसंच. डावीकडे होडी आहे, तिची रेषा नजरेला आत नेते, मागचा उजेड पिवळसर आहे.

एकदा तिने मला मधेच तोडलं. "हे सगळं मला माहीत आहे. मीच काढलंय ना."

"मग काय सांगू?"

"तू चित्रात काय आहे ते सांगतोस. ते जाऊ दे. चित्र कसं आहे ते सांग. कापड सैल पडलंय का? मागे डाग आलाय का? कोपऱ्यातले खिळे गंजलेत का?"

मला सांगता येईना. आयुष्यभर मी चित्रांच्या पुढच्या बाजूबद्दल बोललो होतो. चित्र उलटं करून त्याची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. कापडावर सरस झिरपून पिवळे ओघळ आले होते. चौकटीच्या लाकडावर तिने पेन्सिलीने काही मापं लिहिलेली. मी ते सगळं सांगत गेलो आणि ती ऐकत गेली, मान हलवत, एखाद्या दूरच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तशी.

हळूहळू ती बोटांनीच चित्रं ओळखायला लागली. मला वाटायला लागलं की डोळ्यांनी जे नेलं ते बोटं थोडंफार परत देतील. म्हणून पाऊस ओसरल्यावर मी तिला सड्यावर घेऊन गेलो, कातळशिल्पं बघायला. बघायला म्हणजे तिच्या बाबतीत हात लावायला. ती लहानपणी तिथून कितीदा गेली होती, पुढे तिने त्यांची रेखाटनंही केली होती.

तिथे राखणीला असलेल्या काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला चपला काढून आत जाऊ दिलं. "काकूंना जपून न्या हां, शेवाळ आहे अजून," ते म्हणाले.

एक मोठं जनावर कोरलेलं होतं, खऱ्या बैलापेक्षा कितीतरी मोठं. मी तिचा हात त्याच्या पाठीच्या रेषेवर नेऊन ठेवला. ती उकिडवी बसून त्या रेषेवरून बोटं नेत पुढे सरकत राहिली. खोलगट भागात पाणी साचलेलं होतं, त्यात तिची बोटं भिजली.

"हा पाय का?"

"नाही, अजून पोट चाललंय."

ती आणखी पुढे सरकली. मग कुठेतरी दुसरी रेषा आडवी आली आणि तिच्या बोटांची वाट चुकली. ती मागे आली, पुन्हा गेली. गुडघे दुखायला लागले तशी ती कातळावरच बसली.

"मला नुसता चर लागतोय हाताला," ती म्हणाली. "जनावर कुठेच नाही."

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "ज्यांनी कोरलं त्यांनाही कोरताना एवढंच दिसत असेल. बसल्या जागी एवढं मोठं कुणाला दिसणार?"

"त्यांना उठून उभं राहता येत होतं," ती म्हणाली.

साडीच्या काठाला शेवाळ लागलं होतं, ते परत येताना रिक्षात ती नखाने खरवडत बसली. पुन्हा तिने कधी सड्यावर जायचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. कपडे वाळेनात, पुस्तकांची पानं मऊ पडली, मिठाला पाणी सुटलं. एक दिवस जेवताना तिने घास हातात धरून ठेवला आणि विचारलं, "मागच्या खोलीत कुबट वास येतोय का?"

"सगळ्या घरालाच येतोय."

"तू घाटावरचा. तुला एक कुबट आणि दुसरं कुबट यातला फरक कळायचा नाही. जाऊन बघ."

मी गेलो. भिंतीतून पाणी झिरपलं होतं आणि भिंतीला लावून ठेवलेल्या चित्रांच्या पाठीवर करड्या बुरशीची लव आली होती. काही चित्रं पुढूनही गेली होती. सड्याचं चित्र मी ओढून उजेडात आणलं तेव्हा त्याच्या खालच्या भागातून रंगाचे पोपडे फरशीवर पडले. पडल्याचा आवाज झाला. रंगाला आवाज असतो, हे मला माहीत नव्हतं. मी वळलो तर ती दारात उभी होती. तिनेही ऐकला होता.

मुंबईहून आम्ही एका चित्रसंवर्धकबाईंना बोलावलं. त्यांनी हातमोजे चढवले, बाजूने दिवा धरून प्रत्येक चित्र तपासलं. लहान चित्रांपैकी बरीच वाचतील, असं त्यांनी सांगितलं. सड्याच्या चित्रापाशी त्या खूप वेळ बसल्या. शेवटी म्हणाल्या, "सरस बुरशीने खाल्लाय, त्यामुळे रंगाची पकड सुटली आहे. आणि भुकटीमुळे रंग इतका जड झालाय की कापडाला तो पेलत नाही. आता हे उभं ठेवू नका. आडवंच असू द्या."

"वाचेल का?" मी विचारलं.

"मागून नवं कापड लावता येईल. रंगाखाली डिंकासारखं द्रव्य सोडून तो दाबून बसवता येईल. गळलेल्या जागा भरता येतील. दिसायला बऱ्यापैकी पूर्वीसारखं होईल."

"आणि हाताला?" बायकोने विचारलं.

बहुधा हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नसावा. "हाताला सपाट लागेल," त्या म्हणाल्या. "दाबल्यावर पोत राहत नाही. खोटं कशाला सांगू?"

"मग राहू दे."

मी मधे पडलो. मी म्हटलं, घाईने ठरवू नये. हे चित्र नुसतं आपलं नाही, पुढच्या लोकांनी ते बघायला हवं. ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "त्यांना बघायचं ते तू फोटो काढून ठेव," ती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, नुसता थकवा होता.

फोटोंची व्यवस्था आमच्या मुलीने केली. ती मुंबईत असते. तिने चांगला छायाचित्रकार आणला, प्रत्येक चित्राचे बारीक तपशीलवार फोटो काढून घेतले आणि ते मूळ मापाचे करून जाड कागदावर छापून घेतले. सड्याच्या चित्रातले पोपडे उडालेले भाग तिने जुने फोटो जोडून भरून घेतले. मग रत्नागिरीतल्याच एका सभागृहात त्या छापांचं प्रदर्शन भरवलं. तिचा हेतू चांगला होता. आईचं काम आईच्या भागातल्या लोकांनी बघावं, एवढंच तिला वाटत होतं.

लोक आले. पूर्णगडहून नातेवाईक आले, शाळेतले शिक्षक आले, कॉलेजची मुलं आली. सगळ्यांनी सड्याच्या चित्रासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. एक बाई म्हणाल्या, "अगदी हात लावून बघावासा वाटतो हो कातळ." मुलीने आईला हाताला धरून त्या चित्रापाशी नेलं आणि तिचा तळवा त्यावर ठेवला.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"तुझं सड्याचं चित्र, आई."

तिने बोटं थोडी फिरवली. कागद चांगल्या प्रतीचा होता, अगदी गुळगुळीत. "हो का," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला. मुलीला वाईट वाटू नये म्हणून तिने पुढे विचारलं, "गर्दी बरी आहे ना ग?" मुलगी हो म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. ते आईला दिसले नाहीत. मला दिसले.

त्यानंतर काही दिवसांनी मी बाजारातून परत आलो तर ती पुढच्या घरात नव्हती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. सड्याचं चित्र जमिनीवर आडवं ठेवलेलं होतं, त्याच्या कडेला ती बसली होती. मांडीवर सूप. अंगठ्याचं नख रंगाखाली घालून ती एकेक पोपडा उचलत होती आणि सुपात टाकत होती. खालचा एक कोपरा कापडापर्यंत मोकळा झाला होता.

"काय करतेस?"

"रंग काढतेय."

"थांब. थांब म्हणतो ना!"

ती थांबली नाही. मी तिचं मनगट धरलं. तिने हात सोडवून घेण्याचाही प्रयत्न केला नाही. ती म्हणाली, "ते पडणारच आहे. रोज थोडं थोडं पडतंय. माझ्या उशाशीच पडतंय असं वाटतं मला. त्यापेक्षा माझ्या हाताने पडू दे."

वर्गात मी मुलांना सांगायचो की कलाकृती एकदा पुरी झाली की ती कलाकाराची राहत नाही. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. त्या खोलीत, त्या वासात, ते मला उच्चारवेना. मी तिचं मनगट सोडलं.

थोड्या वेळाने तिची बोटं एका जागी थबकली. "इथे बघ. हे खाली गुळगुळीत लागतंय. निळा आहे का?"

मी वाकून बघितलं. जाड लाल थराखाली निळा रंग होता. स्वच्छ, पातळ, कालच लावल्यासारखा.

"हो. निळा आहे."

"मी आधी समुद्र खालपर्यंत आणला होता," ती म्हणाली. "नंतर कातळ वर चढवला. विसरूनच गेले होते."

या चित्रावर मी व्याख्यान दिलं होतं. त्यातल्या समुद्राच्या अरुंद पट्टीवर मी केवढं बोललो होतो. कातळाखाली एक आख्खा समुद्र दडलेला आहे, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. ती काढत राहिली आणि मी सांगत राहिलो. इथे निळा, इथे करडा, इथे पांढरा लागला, आता कापड. निळाही टिकला नाही. लालाबरोबर तोही सुटून सुपात पडत गेला. माझ्यानंतर तो कुणी पाहणार नव्हतं, आणि जिने तो लावला तीही पाहू शकत नव्हती. असं आम्ही बऱ्याच दुपारी केलं. त्या काळात ती मला पुष्कळ वर्षांनी मोकळं बोलताना दिसली, आणि ते मला सगळ्यात जास्त असह्य होत होतं.

शेवटी डागाळलेलं मांजरपाट तेवढं उरलं. तिने ते चाचपून बघितलं आणि म्हणाली, "जीर्ण झालंय. टाकून दे." चौकट सुताराला दिली. पोपडे मी एका पत्र्याच्या डब्यात भरून कपाटावर ठेवले. का ठेवले, ते मला सांगता येणार नाही.

मधे एका संग्रहालयाचा ईमेल आला. त्यांनी आमच्या प्रदर्शनाबद्दल कुठेतरी वाचलं होतं. सड्याचं चित्र त्यांना कायमच्या संग्रहासाठी हवं होतं. मी कळवलं की ते चित्र आता अस्तित्वात नाही. त्यांचं उत्तर लगेच आलं. झाल्याबद्दल हळहळ व्यक्त केली होती, आणि मूळ मापाचा छाप मिळू शकेल का, असं विचारलं होतं. मी मुलीला तो पाठवायला सांगितलं. आता तो तिथे भिंतीवर आहे म्हणे, चांगल्या उजेडात. मी बघायला गेलेलो नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे," आणि विषय बदलला.

पुढच्या पावसात डबाही दमट झाला. उघडून बघितला तर पोपड्यांचा गोळा झाला होता आणि त्यावर तीच करडी लव. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी डबा घेऊन फाटकाशी गेलो.

"ओला की सुका?" गाडीवरच्या बाईने विचारलं.

मला पटकन सुचेना. "सुका," मी म्हटलं. तिने डबा रिकामा करून मला परत दिला.

मागच्या खोलीत आता पावसाळ्यात आम्ही कपडे वाळत घालतो. वाचलेली लहान चित्रं मुलगी मुंबईला घेऊन गेली, तिच्या घरातली एसीची कोरडी हवा त्यांना मानवते. बायको दिवसाचा बराच वेळ पडून असते. रेडिओ ऐकते, पण तोही लक्ष देऊन नाही. चित्रांबद्दल ती बोलत नाही. मी विषय काढायला गेलो तर म्हणते, "झालं ना आता ते."

नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी तिला जाग आली तेव्हा मी खिडकीपाशी पेपर वाचत होतो. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, समोरच्या माडांच्या झावळ्या चमकत होत्या. तिने उशीवरून मान उचलली, खिडकीकडे चेहरा वळवला आणि बराच वेळ तशीच राहिली. रोज सकाळी तिला तिथे निदान एक पांढुरका चौकोन जाणवायचा.

"आज मळभ आहे का रे?" तिने विचारलं.

मी पेपर खाली ठेवला.

"हो," मी म्हटलं. "भरून आलंय."